भेंडीची फांदी आणि चिंचेखालचा पहारा

आमच्या लॉजच्या काउंटरमागे एक पाटी होती. पांढऱ्यावर लाल अक्षरं: 'पाहुण्यांनी आपले सामान स्वतः सांभाळावे. हरवल्यास मालक जबाबदार नाहीत.' आमच्या ह्यांनी लॉज सुरू केलं तेव्हा लावलेली. का लावली, तर सगळ्या लॉजवाल्यांकडे असते म्हणून. ते गेले, पाटी राहिली, आणि मी तिच्याखाली बसून इतकी वर्षं रजिस्टर लिहीत आले. रोज डोळ्यासमोर असलेली गोष्ट माणूस वाचत नाही. मीही ती कधी नीट वाचली नव्हती.

भाईंदर पूर्वेला खारीत आमचं सात खोल्यांचं लॉज आहे. लॉज म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, माहीत आहे मला. माझ्या सख्ख्या जावेने गिरगावातून इथे आल्यावर विचारलं होतं, "अगं, चांगल्या वस्तीत एखादी पोळीभाजीची जागा नाही का काढता आली?" पण आमच्याकडे येतात ते इस्पितळात कुणालातरी ठेवलेले लोक. रत्नागिरीचे, माणगावचे, पेणचे. पेशंट तिकडे खाटेवर, आणि हे इकडे आमच्या खाटेवर, दोघांनाही झोप नाही. कुणी परीक्षेला आलेलं, कुणी लग्नाला. सकाळी गरम पाणी, धुतलेली चादर, आणि मी दिवसभर बोलायला. बोलण्याचे पैसे आम्ही लावत नाही.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पण छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, भजी गुंडाळलेला कागदसुद्धा. तर झालं काय, मागच्या वर्षी एक हवालदार रजिस्टर तपासायला आले. दर थोड्या दिवसांनी येतातच. मी चहा दिला आणि सहज विचारलं, "साहेब, पाहुण्याचं नाव लिहा, गाव लिहा, कुठून आला कुठे जाणार लिहा, हे सगळं लिहिलंय कुठे हो?"

ते हसले. "काकू, इतक्या वर्षांत तुम्हीच पहिल्या विचारणाऱ्या. आमचे आपले नियम आहेत लायसनचे. पण त्याच्याही आधी इंग्रजांचा सराई कायदा होता म्हणतात. धर्मशाळा, सराया, मुसाफिरखाने, त्यांच्यासाठी."

ते गेले आणि मला चैन पडेना. माझी नात वकिलीचं शिकते. रविवारी ती आली तेव्हा मी तिला बसवलं. ती फोनवर इंग्रजी वाचत होती आणि मला मराठीत सांगत होती. मी शेंगा सोलत होते, त्या हातातच राहिल्या.

दीडशे वर्षांहून जुना कायदा. सराईवाल्याने काय काय करायचं, त्याची यादी. खोल्या, पडव्या, गटारं साफ ठेवायची. विहीर साफ ठेवायची, आणि ती नुसती माणसांसाठी नाही, पाहुण्याच्या जनावरांसाठीसुद्धा. कुणाला साथीचा आजार झाला तर लगेच पोलीस चौकीला कळवायचं. छप्पर, भिंती, दरवाजे डागडुजी करून ठेवायचे. किती दर आहे ते सगळ्यांना दिसेल असं लावायचं. राखणदार ठेवायचे. आणि मग ती म्हणाली, "आजी, हे ऐक. सराईजवळच्या झाडाची जी फांदी चोराला आत शिरायला किंवा बाहेर पडायला उपयोगी पडेल, ती फांदी तोडून टाकायची."

"असं लिहिलंय? फांदी?"

"फांदी."

म्हणजे बघा, कुठला तो साहेब, सात समुद्रापलीकडचा. त्याने कधीतरी विचार केला, की एक माणूस आपल्या घरापासून लांब, परक्या गावात, परक्या छताखाली डोळे मिटणार आहे, आणि बाहेर एक झाड आहे. त्या झोपलेल्या माणसाच्या वतीने त्याने झाडाकडे वर बघितलं. मी इतकी वर्षं लॉज चालवते, मी कधी वर बघितलं नव्हतं.

"आपल्याला लागू आहे का गं हा?"

"त्यावरच वकिलांचं भांडण होईल," नात म्हणाली. "काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. तू नको टेन्शन घेऊ."

मग तिने आणखी सांगितलं. विलायतेत म्हणे जुन्या काळी दारात आलेल्या वाटसरूला उगीचच परत पाठवायची सोय नव्हती. आणि त्याचं सामान त्या छताखालून गेलं तर जबाबदारी मालकाच्या डोक्यावर. आपल्याकडे आता कसं, तर पाहुण्याने जी वस्तू आपल्या हातात सोपवली आणि आपण हो म्हणालो, तिची काळजी घ्यायची. किती? तर सामान्य शहाणा माणूस तशा प्रसंगात स्वतःच्या वस्तूची जेवढी घेईल तेवढी.

"मग ही पाटी?" मी विचारलं.

नातीने पाटीकडे बघितलं, खांदे उडवले. "एकदा हातात घेतलंस ना, की पाटीमागे लपायला तेवढी जागा नसते, आजी."

आता आमच्या अंगणात भेंडीचं झाड आहे. भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठी पिवळी फुलं येतात ती. त्याची एक जाड फांदी हात पोचेल अशा उंचीवरून निघून सरळ पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकलेली. मांजरं त्यावरूनच ये-जा करायची. दुसऱ्या दिवशी मी महापालिकेत अर्ज दिला, कारण फांदी छाटायलाही परवानगी लागते. परवानगी आली, माणसं आणली, खाली उभी राहून ओरडले, "सिर्फ वो एक डाली काटो, बाकी पेड को हात मत लगाना!" फांदी पडली. मला अगदी कर्तव्य केल्यासारखं वाटलं.

आमच्या कुंपणापलीकडे खारीच्या जुन्या वस्तीतली एक म्हातारी राहते. सगळी गल्ली तिला आजी म्हणते, म्हणून मीही म्हणते, आमच्यात वीसच वर्षांचं अंतर असेल. चहूबाजूंनी इमारती उठल्या, पण तिचं कौलारू घर आणि दारातली चिंच तशीच आहे. ती कुंपणाशी येऊन फांदीकडे बघत राहिली.

"कापलीस?"

"चोर येतात आजी त्यावरून. कायदा आहे."

"किती आले?"

"आले नाहीत अजून."

"मंग कापलीस कुनासाठी? मांजरांसाठी?" तिने तोंड वाकडं केलं. "टांगायची फांदी होती ती, बाय. लॉज चालवतंस ना? पावन्याचं काय टांगायचं झालं तं कुठं टांगशील?"

मी हसले. पाहुण्याचं काय टांगायचं असतं? ओला टॉवेल. त्याला दोरी आहे.

त्यानंतर दोन महिने झाले असतील. चार नंबरच्या खोलीत रत्नागिरीकडची एक बाई राहत होती, चाळिशीची. वडील इस्पितळात. बारा दिवस ती सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी रिकामा आणायची. मग एक दिवस डबा भरलेलाच परत आला. मी चहा ठेवला.

वडिलांचे अंत्यसंस्कार इथेच झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्मशानातून परत आली तेव्हा तिच्या हातात मातीचं छोटं मडकं होतं, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, वर दोरीची गाठ. लॉजच्या पायरीच्या आत आली नाही. अंगणातच उभी राहिली, मडकं दोन्ही हातांत धरून. आमचे मामा, म्हणजे लॉजवर कामाला असलेले महाडकडचे, काउंटरपासून खोल्यांपर्यंत सगळं बघतात ते, त्यांनी मला हाक मारली.

"काकू," ती म्हणाली, "माझा भाऊ बोटीवर आहे. खलाशी. बोट बंदराला लागेल, मग तो विमानाने येईल, नवव्या दिवशी पोचेल. अग्नी द्यायला पोचला नाही तो. फोनवर एवढंच म्हणाला, ताई, बाबांना पाण्यात मी सोडणार. तोपर्यंत कुणाच्या हातात देऊ नकोस. मी हो म्हटलंय."

जवळच्याच पूनम सागर वसाहतीत तिची चुलत बहीण राहत होती. तिने सांगितलं होतं, तू ये, राहा, पण अस्थी सोसायटीत नको, सासूबाईंना चालणार नाही. त्यात त्या बहिणीचंही चुकलं असं नाही. अस्थी घरात नेतच नाहीत आपल्यात. बाहेर झाडाला टांगतात, जमिनीला टेकवत नाहीत.

"स्मशानात ठेवायची सोय होती," ती म्हणाली. "पण एका फळीवर दहा मडकी होती काकू. सगळी सारखी. मला… माझ्या हातून नाही ठेवता आलं. बदललं तर? तो एवढ्या लांबून येणार, आणि भलत्याच कुणालातरी…" तिने वर भेंडीकडे बघितलं. "मागच्या खेपेला बाबांना दाखवायला आले तेव्हा इथे एक फांदी होती ना? मी स्मशानातून निघताना तीच डोळ्यासमोर धरून आले."

मीही तिच्याबरोबर वर बघितलं. बाकीच्या फांद्या उंच होत्या, हात न पोचणाऱ्या. हाताशी येणारी तेवढी एकच होती, आणि तिच्या जागी पांढरा गोल वण.

"द्या माझ्याकडे," मी म्हटलं.

"तुम्ही घ्याल?"

"घेतलं."

मामांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना हे पसंत नाही. पण ते म्हणाले फक्त एवढंच, "पावती करायची?" कुणी बॅग, लॅपटॉप ठेवायला दिला की आम्ही एका छापील पुस्तकात पावती करतो, कार्बन घालून. मी बसले. तारीख लिहिली. खोली नंबर चार लिहिला. कोणाकडून, तिचं नाव. मग रकाना आला, 'वस्तूचे वर्णन'.

पेन तसंच राहिलं. मडकं एक, असं लिहू? अस्थी लिहू? ती समोर उभी, डोळे पावतीवर. सातवी शिकलेल्या बाईला सुचेल असा शब्दच नव्हता त्यात. मी रकाना रिकामा सोडला, खाली सही केली आणि वरची प्रत तिला दिली. तिने ती घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली, एखाद्या मोठ्या कागदासारखी.

आता माझी चूक सांगते. माझ्या डोक्यात तो कायदा बसला होता. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी. मी स्वतःच्या मौल्यवान वस्तू कुठे ठेवते? जिन्याखालच्या खोलीत, लोखंडी कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. मी वरचा कप्पा रिकामा केला, धुतलेली चादर अंथरली, मडकं ठेवलं आणि कुलूप लावलं. खोलीला बाहेरूनच दार आहे, म्हणजे लॉजच्या आत नेलं असंही नाही. जमिनीला टेकलं नाही, चोराला सापडणार नाही, मांजर पाडणार नाही. माझं मलाच कौतुक वाटलं. संध्याकाळी ती बाई आली, कपाटाच्या बंद दारासमोर उदबत्ती लावली, नमस्कार केला, गेली.

पाचवा दिवस. दुपारी ती मृत्यूच्या दाखल्याचं विचारायला महापालिकेत गेली होती. चारच्या सुमाराला मी चादरी काढायला जिन्याखाली गेले. कपाट उघडं. वरचा कप्पा रिकामा.

आता हे वाचताना तुम्हाला वाटेल, अगं विचार ना कुणाला. पण त्या वेळी विचारणार कुणाला? किल्ली कमरेला चाचपली, ती नव्हती. दुपारी जेवताना मीच मामांना चादरींसाठी दिली होती. मामांना हाक मारली, मामा नाहीत. फोन लावला, त्यांचा फोन काउंटरवरच चार्जिंगला वाजायला लागला. कप्प्यातली चादरसुद्धा उचलून झटकली मी, जसं काही मडकं घडीत लपणार होतं. एक तासाने ती बाई येणार. आणि चार दिवसांनी तो मुलगा येणार, समुद्र ओलांडून, हात पुढे करून. मी काय देणार त्याच्या हातात? पाटी? 'मालक जबाबदार नाहीत'? त्या दिवशी मी ती पाटी पहिल्यांदा खरी वाचली.

अंगणात आले. सगळीकडे बघत होते, आणि कुंपणापलीकडे नजर गेली.

चिंचेच्या खालच्या फांदीला, माणसाच्या डोक्याच्या वर हातभर, ते मडकं टांगलेलं होतं. पांढरं फडकं वाऱ्याने जरा हलत होतं. खाली प्लास्टिकच्या खुर्चीत आजी बसली होती, मांडीवर सूप, वालाच्या शेंगा सोलत. आणि बोलत होती. तोंड वर करून, चिंचेकडे बघून, सहज गप्पा मारल्यासारखी.

"…तं ह्या समोर सगलं मिठागर होतं बघ. आता बिल्डिंगी झाल्या. तुमच्याकरं हाय का मिठागर? न्हाय ना…"

"आजी!" मी कुंपणाशी धावले. "आजी, हे तुम्ही…"

"आलीस?" ती मान न वळवता म्हणाली. "मानसाला कपाटात कोंडलंस तू. वर कुलूप लावलंस. काय केलं होतं त्यानं, चोरी?"

"अहो, सांभाळायला दिलंय माझ्याकडे! मला न विचारता…"

"तुना इचारलं असतं तं तू मना कायदा सांगितला असतास." मग जरा मवाळ झाली. "मामा चादर काढीत होता, मना दिसलं. मी बोलली, दे इकरं. त्यानं दिलं. त्याचा पन जीव थाऱ्यावर नव्हता, बाय. तीन दिस त्या जिन्यावरून चढताना घाबरायचा तो."

मामा तेवढ्यात बाजारातून आले आणि माझा चेहरा बघून फाटकातच थबकले. मी त्यांना त्या दिवशी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, मालकीणबाई. पण तिथे ठेवणं मला बरं वाटत नव्हतं. आमच्याकडे नाही ठेवत असं."

मी नातीला फोन लावला. तिने सगळं ऐकलं. "आजी, जबाबदारी तुझीच आहे. तू घेतलीस, तू दुसऱ्याकडे जाऊ दिलंस, तरी उद्या काही झालं तर उत्तर तूच द्यायचं."

"मग आता परत आणू?"

"ज्यांची वस्तू आहे त्यांना विचार ना."

पाचला ती बाई फाटकातून आत आली. मी तिला अंगणातच गाठलं. सांगायचं होतं ते सगळं एका दमात सांगितलं, कपाट, किल्ली, मामा, माझी चूक. तिचा हात आपोआप ब्लाऊजमधल्या पावतीकडे गेला. मग तिने कुंपणापलीकडे बघितलं.

उन्हं तिरकी झाली होती, चिंचेच्या बारीक पानांतून फडक्यावर पडत होती. मग तिचे खांदे खाली आले. बारा अधिक पाच दिवसांत पहिल्यांदाच मी ते खाली आलेले बघितले.

"बाबांना बंद खोलीत गुदमरायचं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी सारखं म्हणायचे, खिडकी उघड, खिडकी उघड. इस्पितळात खिडकी उघडत नव्हती. मी रोज त्या कपाटाला उदबत्ती लावायचे आणि… तुम्ही एवढ्या मनाने ठेवलेलं, कसं बोलणार?"

आजीने सुपातून शेंगा बाजूला सारल्या. "ये पोरी, बस. तुजा बाप बडबड्या होता का गं? मगापासून मीच बोलतंय, तो काय बोलंना."

आणि ती बाई हसली. रडत रडत हसली.

मडकं चिंचेलाच राहिलं. पण जबाबदारी माझी होती ना, म्हणून मीही खुर्ची घेऊन कुंपणापलीकडे गेले. चार दिवस आम्ही दोघी म्हाताऱ्या तिथे पहारा दिला. ती घरात भाकऱ्या टाकायला गेली की मी, मी काउंटरवर गेले की ती. झोपायच्या वेळी तिचा मुलगा बाहेर बाज टाकायचा. कायद्यात लिहिलं होतं, राखणदार ठेवावेत. मी ते ऐकून मनात कुणी दांडकेवाला उभा केला होता.

त्या चार दिवसांत आजीने मला ज्या गोष्टी सांगितल्या, त्या कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाहीत. वरसाव्याला पूल नव्हता तेव्हाच्या. खाडी होडीने पार करायची. ओहोटीला होडी अडली की वाटसरू इथे ओटीवर थांबायचे. कोण आहे, काय जातीचा, विचारायची पद्धत नव्हती. पाणी आणि अंथरायला चटई द्यायचीच. आणि त्याचं गाठोडं चिंचेला, कारण ओटीवर उंदीर.

"एक बांगड्यावाला होता," ती म्हणाली. "पेटी ठेवून गेला, बोलला चार दिसांत येतू. आला न्हाय. आठ महिनं आला न्हाय. पावसाला सासूनं पेटी आत घेतली, परत बाहेर टांगली, परत आत. एकदा माज्या हातातल्या बांगड्या फुटल्या. मी नवी सून. मी बोलली, आये, पेटीत हायत की. सासूनं मना नुसतं बघितलं. आनि तशीच उठली, उन्हाची भाईंदर बाजारात चालत गेली, बांगड्या आनल्या. पेटी उघडली न्हाय."

"मग तो आला?"

"आला ना. आजारी परलेला, हाडं राहिलेली. पेटी उघडली, बांगड्या मोजल्या न्हाय त्यानं. बंद केली नि सासूच्या पाया परला." ती उठली, चिंचेच्या फांदीला हात लावून दाखवला. तिथे सालीवर दोन बोटं रुंद, गुळगुळीत खाच पडली होती. किती वर्षांच्या, किती माणसांच्या दोऱ्या तिथे घासल्या असतील. मडक्याची दोरी त्याच खाचेत बसली होती, जणू जागा राखून ठेवलेली.

मी त्या खाचेला बोट लावलं. विलायतेतला तो साहेब आणि आजीची ही सासू, दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही. एकाने फांदी तोडा म्हटलं, एकीने फांदी राखली. आणि दोघांच्या डोळ्यासमोर माणूस एकच, घरापासून लांब झोपलेला.

नवव्या दिवशी सकाळी भाऊ आला. विमानतळावरून सरळ. दाढी वाढलेली, पाठीवर एक पिशवी, चेहरा उन्हाने करपलेला. बहीण त्याला घेऊन चिंचेखाली आली. त्याने मडकं बघितलं आणि हात पुढे केले, तर आजी मध्ये उभी.

"कोन तू?"

"मी… मुलगा, आजी."

"पाय धुतलंस?"

"नाही."

"धू. पानी हाय तिथं." तो पाय धुऊन आला. आजीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "बसक्या नाकाचा हायस तू. बापाचं नाक पन असंच?"

त्याने बहिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "असंच."

"मंग घे," आजी बाजूला झाली. मग वर बघून, अगदी हळू, "आला रं तुजा पोर. जा आता."

दोघं खाडीवर गेले. मामा रिक्षाने सोबत गेले. स्वतःहून गेले, मी सांगितलं नव्हतं. दुपारी परत आले तेव्हा तिघांचेही कपडे ओले होते. चार नंबरची खोली रिकामी करायची होती. बहिणीने ब्लाऊजमधून पावती काढली, घामाने आणि घड्यांनी मऊ झालेली, आणि काउंटरवर ठेवली. वस्तू परत दिली की पावतीवर पाहुण्याची सही घ्यायची, ही आमच्या ह्यांची पद्धत.

"तू कर," ती भावाला म्हणाली.

त्याने पेन घेतलं. पावती वाचली. तारीख, खोली, नाव. मग 'वस्तूचे वर्णन' पुढची रिकामी जागा बघून तो थांबला.

"इथे काही लिहिलं नाही?"

"मला सुचलं नाही रे बाळा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. जहाजावर कामं करून हात जाड झालेले, अक्षर शाळेतल्या मुलासारखं सावकाश. त्या रिकाम्या जागेत त्याने लिहिलं, 'बाबा'. आणि खाली, सहीच्या वर: 'सुखरूप मिळाले.'

ते गेल्यावर मी मामांना स्टूल आणायला सांगितलं. मामांनी काही न विचारता ते पाटीखाली मांडलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं.